कूलिंगचं काम

"कूलिंगचं काम आहे यांचं," नित्यानं सांगून टाकलं आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

विचारलं होतं मला. पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावरचा माणूस विड्याच्या पानांची ओली टोपली पायाशी घेऊन दारासुरमला चढला होता. त्यानं तमिळमध्ये विचारलं, नित्यानं तमिळमध्येच उत्तर दिलं. त्याला ते उत्तर आवडलं. त्याच्या घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात पाणी साठत होतं. मी सांगितलं, मागच्या बाजूला पाणी जायचं भोक असतं ते तुंबलं असेल, कोमट पाणी ओता. त्यानं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. स्वामिमलै येईपर्यंत आम्ही फ्रिजवरच बोलत होतो.

हे नेहमीचं आहे. कूलिंग म्हटलं की लोक आपापल्या फ्रिजची तक्रार काढतात. खरं सांगितलं तर गप्प बसतात.

माझ्याकडे दोन फ्रीझर बॉक्स आहेत. घरात माणूस गेलं आणि मुलगा दुबईहून किंवा अमेरिकेहून यायचा असला, की तोपर्यंत देह ठेवायला काचेच्या झाकणाची जी लांब पेटी आणतात, ती. कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत मी ती भाड्यानं देतो. बोलावणं आलं की पेटी व्हॅनमध्ये घालून नेतो, घरातल्या चौघांच्या मदतीनं आत लावतो, थंडावा धरला की बाहेर येऊन बसतो. काम संपलं की परत आणून धुतो. एकवीस वर्षं झाली. त्याआधी मी नुसते फ्रिज दुरुस्त करायचो.

सुरुवातीला कोणी विचारलं तर मी खरं सांगायचो. एकदा तिरुपतीच्या बसमध्ये शेजारी एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर दोन महिन्यांचं मूल. नवऱ्यानं विचारलं, मी सांगितलं. पुढच्या थांब्यावर ती दोघं उठून मागच्या सीटवर गेली. भांडण नाही, काही नाही. उठताना त्यानं मला नमस्कारही केला. त्या दिवसापासून उत्तर द्यायचं काम माझ्या बायकोनं, सुब्बलक्ष्मीनं, स्वतःकडे घेतलं. मी तोंड उघडायच्या आत ती सांगायची, यांचं कूलिंगचं काम आहे. घरी आल्यावर मी म्हणायचो, खोटं कशाला सांगायचं?

"खोटं कोठें? पेटींत कंप्रेसर आहे का नाहीं?" ती विचारायची.

कंप्रेसर होता. 

ती जाऊन चौदा महिने झाले होते. आता ते वाक्य नित्या सांगत होती.

नित्या माझी एकुलती एक मुलगी. अठ्ठावीस वर्षांची आहे, तिरुच्चीला बँकेत काम करते. तिच्यासाठी आधी दोन स्थळं आली होती. पत्रिका जुळल्या, मुलं पाहून गेली, मग कोणीतरी त्यांना माझा धंदा सांगितला आणि जुळलेल्या पत्रिका परत जुळेनाशा झाल्या. हे तिसरं स्थळ सुंदरपेरुमाळ कोयिलचं. आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी लोक. मुलगा मध्वेश, बंगळूरला नोकरीला. तो कुंभकोणमला येऊन नित्याला भेटून गेला होता आणि त्यानंतर दोन महिने दोघं रोज फोनवर बोलत होती. शनिवार-रविवारी घरी असली की त्याच्याशी बोलून झाल्यावर नित्या स्वयंपाकघरात उगीचच भांडी आवरायची. आई गेल्यापासून मी तिला तसं पाहिलं नव्हतं. या वेळी मोडलं तर ती पुन्हा कोणाला भेटणार नाही, असं तिनं मला स्पष्टच सांगितलं होतं.

बायोडेटा सुब्बलक्ष्मीनं आपल्या हातानं लिहून ठेवलेला होता. वडिलांचा व्यवसाय, या शब्दांपुढे तिनं कूलिंग असं लिहिलं होतं. आम्ही त्याचीच प्रत पाठवली. नित्यानं मध्वेशलाही तेवढंच सांगितलं होतं. मुहूर्त ठरला की बाकीचं सांगेन म्हणाली.

त्या रविवारी मुलाचं घर पाहायला आम्ही निघालो होतो. व्हॅन घेऊन जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. व्हॅनच्या तिन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, काय ते. म्हणून पॅसेंजर गाडी. गाडीतून उतरताना नित्या म्हणाली, "अप्पा, तुम्ही फार बोलूं नका. अम्मा सांगायची तेवढंच सांगा."

मी सरि, म्हणजे बरं, म्हणालो.

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. ज्या वेळी मी लोकांच्या घरी जातो, त्या वेळी कोणाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये. मी पाहत नाही. घर मात्र लक्षात राहतं. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, पंधरा अँपियरचा पॉइंट कुठे आहे ते.

त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा मला काही वाटलं नाही. सगळ्या गल्ल्या सारख्याच. चौथ्या घरापाशी नित्या थांबली आणि मी पाहिलं, उंबरा मधोमध झिजलेला, दाराला एकच फळी उघडणारी. दुसरी फळी खिळ्यांनी पक्की केलेली. त्या फळीमुळे पेटी तिरकी करून आत घ्यावी लागली होती. तीन वर्षांपूर्वी.

नित्याला सांगावं असं मनात आलं. पण दारात मध्वेशचे वडील विजयराघव हात जोडून उभे होते.

विजयराघव पोस्टातून निवृत्त झालेले, बोलके गृहस्थ. त्यांनी मला कूडमात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, लाकडी झोपाळ्याच्या समोर बसवलं. मी बसलो तिथून हातभर अंतरावर भिंतीत तो पॉइंट होता. त्यात आता फोन चार्जिंगला लावला होता. त्यांची बायको श्रीदेवी, साठीच्या आसपासची, कमी बोलणारी. तिनं काफी आणून दिली. मध्वेश नित्याच्या समोर बसून हसत होता. चांगला मुलगा. उंच आहे.

मला कोणी ओळखलं नाही. ओळखणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पेटी आणणाऱ्याकडे कोण पाहतं? लोक पेटीत पाहतात.

विजयराघवांनी इकडचं तिकडचं विचारलं. आमचे पूर्वज कोणत्या गावचे, घरी कोणतं दैवत, माझा भाऊ काय करतो. मग ते मुद्द्यावर आले. "तुमचं कूलिंग म्हणजे कसलं? एसीचं का फ्रिजचं?"

नित्यानं माझ्याकडे पाहिलं.

"फ्रिजचं," मी म्हणालो.

"मग देवानंच धाडलं तुम्हांला," विजयराघव म्हणाले आणि हसत सुटले. त्यांचा फ्रिज आठ दिवस कुरकुरत होता. मधेच बंद पडायचा, मधेच चालू व्हायचा. मेकॅनिक उद्या येतो म्हणून येतच नव्हता. श्रीदेवी त्यांना म्हणाली, पहिल्यांदा घरी आलेल्या व्याह्यांना कोणी कामाला लावतं का? पण त्यांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. हातात काम असलं की मला बोलावं लागत नाही.

फ्रिज स्वयंपाकघराच्या दाराशी होता. प्लग काढून पाहिला, एक पिन काळी पडलेली. सॉकेट आतून सैल झालं होतं. फ्रिजला काही झालं नव्हतं. स्क्रू आवळायचे म्हणजे मेन बंद करायला हवा. श्रीदेवी म्हणाली, थांबा, टॉर्च आणतें, मागें अंधार आहे. ती आत गेली.

मी उठलो, मागच्या पडवीत गेलो, डावीकडच्या भिंतीवर टांगलेलं मोठं सूप काढून खाली ठेवलं, त्याच्यामागचं लाकडी झाकण उघडलं आणि मेन खाली ओढला.

वळलो तर श्रीदेवी टॉर्च घेऊन उभी होती. टॉर्च लावलेला नव्हता.

"मेन सुपाच्या मागें आहे म्हणून कोणीं सांगितलं तुम्हांला?"

मी मेकॅनिक आहे, अंदाज येतो, असं म्हणता आलं असतं. पण सुपामागे मेन असेल असा अंदाज कोणालाच येत नाही. आणि ती माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे असं सरळ पाहून कोणी विचारलं की मला खोटं सुचत नाही, हे सुब्बलक्ष्मीला ठाऊक होतं.

"मी येथें आलों होतों," मी म्हणालो. "तीन वर्षं जाहलीं. पेटी घेऊन."

तिनं टॉर्च खाली ठेवला. मग जात्याशेजारच्या पाटावर बसली.

"मामंजींना," ती म्हणाली.

मी मान हलवली. तिचे सासरे. धाकटा मुलगा कॅनडाहून यायचा होता, विमान चुकलं होतं. दोन दिवस पेटी त्या घरात होती. सुपामागचा मेन उघडून पाहिला तर त्यांच्या लाइनला व्होल्टेज कमी, म्हणून मी शेजारच्या घरातून वायर ओढून घेतली होती आणि दोन्ही दिवस बाहेर ओट्यावर बसून होतो. ओट्यावर बसणं हे माझ्या कामातच येतं. वीज गेली तर लगेच इन्व्हर्टर लावायचा असतो.

"बाहेर बसलेले ते तुम्ही का?" ती म्हणाली. "तुम्हांला काफी दिल्याचं आठवतं मला."

"दिलीत. कागदी कपांत. दोन दिवसांत सात वेळां."

मी चांगलं म्हणूनच सांगितलं होतं. पुष्कळ घरांत पाणीसुद्धा विचारायचं राहून जातं, त्यांना त्या वेळी सुचत नाही. पण तिनं ते तसं घेतलं नाही. तिची मान खाली गेली. मघाशी तिनं मला काफी दिली होती ती पितळेच्या वाटी-भांड्यात, घरच्या माणसाला देतात तशी.

"सगळीकडे तसंच देतात," मी म्हणालो. "त्यांत काय?"

"मग फ्रिज म्हणून कां सांगितलांत?"

"माझी बायको सांगायची तसं."

"त्या आतां नाहींत कीं."

"नाहीं."

"मग आतां कोण सांगतं आहे?"

 मी स्क्रू ड्रायव्हर मागितला. तिनं दिला. मी सॉकेट आवळलं, मेन चालू केला, सूप जागच्या जागी टांगलं. फ्रिज सुरू झाला. विजयराघव कूडमातून ओरडले, चालला, चालला म्हणून.

आम्ही निघालो तेव्हा श्रीदेवी दारापर्यंत आली. कळवतों, एवढंच म्हणाली. नित्याच्या हातात तिनं फुलं आणि केळी दिली, पण हसली नाही. नित्याच्या ते लक्षात आलं.

गाडी येईपर्यंत स्टेशनवर मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मेन कोठें आहे म्हणून विचारायचं होतं, अप्पा. इतकंच करायचं होतं. दोन मिनिटं थांबून विचारायचं होतं."

"चुकलंच."

"अम्मा असती तर असं जाहलं नसतं."

तेही खरंच होतं. अम्मा असती तर फ्रिज पाहायला तिनं मला उठूच दिलं नसतं.

नित्या त्याच दिवशी दुपारच्या बसनं तिरुच्चीला गेली. चार दिवस तिचा फोन नाही. मी केला तर दोन शब्द बोलून ठेवायची. मध्वेशचा फोन येतो का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या चार दिवसांत मला दोन बोलावणी आली. एक गावातच, एक तिरुविसनल्लूरचं. तिरुविसनल्लूरच्या घरी ओट्यावर बसलो असताना एका पाहुण्यानं मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हणालो, पेटीवाला. तो बरं म्हणून आत गेला. त्या जागी हे सांगायला काहीच वाटत नाही. तिथे ते काम लोकांना हवंच असतं.

पाचव्या दिवशी सकाळी, मी पेटी धुऊन उन्हात उघडी टाकत होतो, तेव्हा श्रीदेवीचा फोन आला. मी तिला नंबर दिलेला नव्हता. ती म्हणाली, तुमचा नंबर आमच्याकडे आधीपासूनच आहे, यांच्या वहीत पेटी असं लिहून ठेवलेला आहे.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. ती हळू बोलत होती, ठरवून ठेवल्यासारखी. तिनं नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं. नवरा दोन दिवस चिडून होता, मुख्य म्हणजे फ्रिज दुरुस्त करून घेतला म्हणून. मध्वेश म्हणाला, लग्न नित्याशी करायचं आहे. पण नित्यानं आपल्याला आधी का सांगितलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते दोघं आपसांत पाहून घेतील. राहिली ती स्वतः. तिच्या माहेरचे पुष्कळ लोक आहेत, आणि सगळ्यांना विचारायची सवय आहे.

"ते विचारतील, सुनेचे अप्पा काय करतात म्हणून," ती म्हणाली. "मी फ्रिज म्हणून सांगणार नाहीं. तुमच्या बायकोनं इतकीं वर्षं सांगितलं. मी आणखी किती वर्षं सांगायचं?"

"नका सांगूं."

"पेटी म्हणूनही मी सांगणार नाहीं. तुमचं काम आहे. तुम्ही सांगा. निश्चयतांबुलाला सगळे येतील, एकेकाला तुम्हीच सांगा. कोणी उठून गेलं तर जाऊं दे. लग्नाच्या दिवशीं कोणी उठून जाण्यापेक्षां हें बरें."

"सरि," मी म्हणालो.

"अडखळूं नका. अडखळलांत तर लोक आणखी विचारतील."

मी तेही सरि म्हणालो.

निश्चयतांबूल, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, तीन आठवड्यांनी झालं, कुंभकोणमलाच, आमच्या घराजवळच्या एका लहान मंगल कार्यालयात. माझी बायको नाही, त्यामुळे मुलीच्या बाजूनं पाटावर मला बसता येत नाही. माझा धाकटा भाऊ साईराम आणि त्याची बायको पंकजा बसले. पंकजा सुब्बलक्ष्मीची हिरवी नऊवारी नेसली होती, मीच कपाटातून काढून दिली होती. भटजी मंत्र म्हणत होते, तांबूल, नारळ, लुगडी इकडून तिकडे जात होती. मी मागे खुर्च्यांवर, पाहुण्यांत.

त्याचा एक परिणाम झाला. श्रीदेवीच्या माहेरच्यांना मी कोण हे कळत नव्हतं. पाटावर साईराम, म्हणजे तोच मुलीचा बाप असं त्यांना वाटत होतं. माझ्या शेजारी येऊन बसणारा प्रत्येकजण आधी विचारायचा, तुम्ही मुलीकडचे का, आणि मी मुलीचा अप्पा म्हटल्यावर दचकायचा, मग सावरून पुढचा प्रश्न विचारायचा, काय करतां आपण?

 पहिले तिरुच्चीचे एक वकील होते. मी म्हणालो, माझ्या दोन पेट्या आहेत, फ्रीझर बॉक्स, कोणी गेलं की लोक नेतात. अडखळलो नाही. वकील म्हणाले, हां, हां. मग वर पाहून म्हणाले, पंखा कमी पडतो आहे येथें. मी म्हणालो, हो.

दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पदर ओढून घेतला, पण उठल्या नाहीत. तिसऱ्यांनी विचारलं, भीती वाटत नाही का? चौथ्यांना सगळंच हवं होतं. तापमान किती ठेवता, किती दिवस राहतं, वीज गेली तर काय. पाचव्या, मीनाक्षीबाई म्हणून होत्या, त्या ऐकून म्हणाल्या की त्यांच्या यजमानांना अशी पेटी मिळाली नव्हती, बर्फाच्या लाद्या आणाव्या लागल्या होत्या. मे महिना होता. एवढंच सांगून त्या उठल्या आणि पुढे आपल्या सुनेपाशी जाऊन बसल्या. त्या माझ्यामुळे उठल्या की बर्फ आठवला म्हणून, मला कळलं नाही.

मधे नित्या साडी बदलायला आत जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबली. कपाळावर घाम, केसांत खूप फुलं. स्टेशनवरच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली.

"कितीजणांना सांगितलांत?"

"नऊ."

"उठून कोण गेलं?"

"एक जण. पण ते हात धुवायला गेले असतील."

ती हसली. "आले का परत?"

"अजून नाहीं."

"बरेच हात धुतात मग," ती म्हणाली आणि आत गेली. पंकजानं तिला हाक मारली होती.

त्यानंतर रघूत्तमराव आले. श्रीदेवीचे काका. पंच्याऐंशीच्या पुढचे, पण ताठ, आणि इतके उंच की खुर्चीत बसल्यावरही त्यांचे गुडघे समोरच्या खुर्चीला लागत होते. हातात काठी, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवी त्यांनी आपल्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवर ठेवली. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं. पुढच्या दोन रांगांतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं. श्रीदेवी स्टेजच्या पायरीवर हळदीकुंकवाची ताटं मांडत होती, तिनंही पाहिलं, आणि पुन्हा ताटं मांडू लागली.

रघूत्तमरावांनी मान डोलावली. विचार केला.

"आंतून लांबी किती?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा फूट."

"माप धरून सांगतां का अंदाजानं?"

"मापून. सहा फूट पांच इंच भरते."

"मग मी मावेन," ते म्हणाले. "सहा फूट एक होतों मी. आतां थोडा कमी जाहलों असेन."

मी म्हणालो, सहज मावाल.  त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून माझा नंबर घेतला, एकेक आकडा परत म्हणून पाहिला. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे म्हणाले, त्याला दोन दिवस तरी लागतीलच. नंबर त्याला पाठवून ठेवतो म्हणाले. हे सगळं ते बँकेतल्या कामासारखं बोलत होते. समोर तांबूल देऊन झालं होतं, फोटो चालले होते. साईराम आणि पंकजा पाटावरून उठून नवऱ्यामुलाच्या आईवडिलांच्या शेजारी उभी राहिली होती, हिरवी साडी मधोमध.

"मुलीची आई कोणती?" रघूत्तमरावांनी विचारलं.

मी सांगितलं की ती नाही, गेल्या वर्षी गेली. तंजावरच्या इस्पितळात, तीन दिवसांत.

"मुलगी तेव्हां कोठें होती?"

"बँकेच्या ट्रेनिंगला, दिल्लीस. दुसऱ्या दिवशीं पोंचली."

"मग तुमचीच पेटी लागली असेल."

"नाहीं," मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "नाहीं. माझ्या दोन्ही पेट्या बाहेर होत्या."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी. त्या दिवशी एक पेटी तिरुवलंचुळीला होती, एक गावात, आणि दोन्ही घरची माणसं वाटेत होती. परत मागता येत नाही. मी पापनाशमच्या शंकरनारायणला फोन केला. त्याचा आणि माझा धंदा एकच, त्यामुळे आम्ही कधी बोलत नव्हतो. तो अर्ध्या तासात आला. पेटी लावताना त्यानं मला हात लावू दिला नाही.

"चांगली होती का?" रघूत्तमरावांनी विचारलं.

"होती. माझ्या पेट्यांपेक्षां नवी. आवाज अगदीं कमी."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर ओट्यावर बसलों," मी म्हणालो. "संवय. आंत लोक होते. वीज गेली तर म्हणून बसलों. शंकरनारायण दोनदां म्हणाला, तुम्ही आंत जा, मी आहें कीं."

"मग गेलां का?"

"नित्या आली तेव्हां गेलों."

 आमच्या मधल्या खुर्चीवरची पिशवी रघूत्तमरावांनी उचलून मांडीवर घेतली, काठीनं ती खुर्ची थोडी मागे ढकलली आणि मला हातानं खूण केली, इकडे सरका. मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. समोर फोटोसाठी मुलीच्या अप्पांना बोलावत होते. बोलावू देत, असं ते म्हणाले, आणि आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसलो.